ओबाआचान इंडियाला गेली

माझं गाव कराडच्या खालच्या अंगाला, नदीकाठी. नाव सांगून तुम्हाला काही कळायचं नाही ताई, आणि आता तिथं मला ओळखणारंही कुणी उरलेलं नाही. शाळा चौथीपर्यंत, मास्तर मारायचा म्हणून सोडली, मग मुंबईला चुलत्याच्या हाताखाली खानावळीत, आधी भांडी, मग कांदा, मग फोडणी, असं करत हात बसला आणि एका शेठच्या घरी स्वयंपाकाला लागलो. त्या शेठचा धंदा कोबेला. ते म्हणाले चल, मी म्हणलं चला. जपान कुठं आहे ते मला ठाऊक नव्हतं, मला वाटलं दुबईच्या जरा पुढं असेल. पहिली काही वर्षं एकटा होतो, मग हिला आणलं. पुढं कोबेला भूकंप झाला, शेठनी बस्तान आवरलं, त्यांच्या भाच्यानं इकडं सेंदाईला हॉटेल काढलं आणि मला बोलावून घेतलं. म्हणजे एका भूकंपाला भिऊन इथं आलो म्हणा, आणि इथं काय झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे.

आम्हाला मूलबाळ नाही. दोनदा राहिलं, दोनदा गेलं. त्यावर मला काही बोलायचं नाही, पुढचं तुम्हाला कळावं म्हणून तेवढं सांगितलं.

इथला भूकंप झाला तेव्हा तुमच्या युनिव्हर्सिटीतली आपली माणसं बरीचशी निघून गेली, विमानं सुटत होती. आम्ही राहिलो. हॉटेलात भरलेले सिलिंडर होते, त्यावर डाळभात शिजवायचा आणि शाळेत आसऱ्याला आलेल्या लोकांना नेऊन द्यायचा, वाढायला ही. जपानी म्हाताऱ्या दोन्ही हातांत वाटी धरून वाकायच्या, मग ही पण वाकायची, परत त्या वाकायच्या, भात निवून जायचा. मी ओरडायचो, अगं वाढ आधी. तेव्हापासून हिचा जीव या गावात अडकला. मी म्हणायचो, पुरे झालं, जाऊया आता गावाला. ती म्हणायची, कुणाकडं?

तर आता मुद्द्याचं. आमचं हॉटेल इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, आणि त्याच इमारतीच्या तळघरात गाण्याचा हॉल आहे, शंभर माणसं दाटीवाटीनं उभी राहतील एवढा. खुर्च्या नाहीत. रविवारी दुपारी तिथं पोरी गातात, नाचतात. टीव्हीवर दिसतात त्या आयडॉल वेगळ्या, त्या मोठ्या. ह्या जमिनीखालच्या. मी उगाच नाव ठेवत नाही, इथं त्यांना तसंच म्हणतात. पाच पोरींचा एक संच, प्रत्येकीचा एक रंग. ऐकायला येणारे जवळपास सगळे बापये, तिशीचे, चाळिशीचे, पन्नाशीचे, कुणी ऑफिसात, कुणी गोदामात, बरेचसे एकटे जीव. ज्याची जी आवडती, तिच्या रंगाची दिव्याची कांडी हातात धरायची आणि उड्या मारायच्या. मधेमधे सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं, कुठं काय ओरडायचं ते ठरलेलं, आपल्याकडं आरतीत टाळ्या कशा कुणी न शिकवता जागच्या जागी पडतात, तसं.

गाणं झालं की टेबलं मांडतात. तिकीट घेऊन रांगेत उभं राहायचं, पाळी आली की पोरीच्या शेजारी जायचं, फोटो निघतो, तिथल्या तिथं कागदावर हळूहळू उमटणारा. तो उमटेपर्यंत पोरगी त्यावर पेनानं काहीतरी लिहिते आणि तुमच्याशी बोलते. मिनिटभर. मिनिट झालं की मागं उभा असलेला माणूस खांद्याला हात लावून तुम्हाला बाजूला करतो. रागावत नाही, हळूच करतो, पण करतो. सगळा कारभार त्या मिनिटाचा आहे, गाणं आपलं निमित्ताला.

हिला हा नाद कसा लागला, तर थंडीचे दिवस होते, बाहेर बर्फ, आणि इमारतीच्या दारात एक पोरगी आखूड झग्यात जाहिरातीचे कागद वाटत उभी. कुणी घेत नव्हतं. लोक असे बघत होते जसा तिथं खांब आहे. ही बाजारातून येत होती, हिनं कागद घेतला, वर आली, घरून आणलेली शाल घेतली, परत खाली गेली आणि त्या पोरीच्या अंगावर टाकली. तिथला मॅनेजर आला पळत, म्हणाला, रस्त्यावर हात लावायचा नाही, काही द्यायचं नाही, नियम आहे, द्यायचं असेल तर तिकीट काढून आत या. तर ही गेली आत. साठीच्या पुढची बाई, लुगड्यावर स्वेटर, गुडघे दुखतायत, तळघराच्या जिन्याला धड कठडा नाही, आणि ही भिंतीला धरून धरून गेली.

पोरीचं नाव मिओ. तिचा रंग हिरवा. ही म्हणाली, बघा, माझा चुडा पण हिरवा. तेव्हापासून दर रविवारी हातभर हिरव्या बांगड्या घालून खाली जायची. बाकीचे कांडी हलवायचे, ही हात हलवायची. मी काय म्हणालो सांगू? म्हणलं, या वयात तमाशाचा नाद लागला काय तुला. ती म्हणाली, तमाशाला तुम्ही जात होता, मी कुठं बघितलाय अजून. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि रविवारी परत गेली.

वर येऊन सांगायची मला सगळं. मिओ आज दमली होती, मिओच्या पायाला फोड आलाय, मिओचं गाव समुद्राकाठी होतं, ते भूकंपानंतरच्या लाटेत वाहून गेलं, तिची आजी सापडलीच नाही, आई वर्षभर पोरीला सांगत राहिली की आजी कुठल्यातरी छावणीत असेल, येईल, आणि पोरगी दाराशी बसून राहायची. हे सगळं मला सांगितलेलं. मी कांदा चिरत होतो, हं हं म्हणलं. ऐकलं नाही असं मला म्हणता यायचं नाही ताई. ऐकलं होतं. आत ठेवलं नाही.

एकदा चला म्हणाली. एकदाच चला, तिला तुम्हाला बघायचंय. म्हणलं, भांडी कोण घासणार? नेपाळी पोरं होती घासायला, दोन दोन. पण मी तसं म्हणलं.

ही गेली डिसेंबरात. सकाळी मला मोजे सापडत नव्हते. मी खोलीतून ओरडतोय, अगं माझे मोजे कुठं टाकलेस. उत्तर नाही. परत ओरडलो. तिसऱ्यांदा शिवी घालून ओरडलो, आणि बाहेर आलो तर स्वयंपाकघरात ती खाली, चहा उतू जाऊन गॅस विझलेला. मोजे तिनं हीटरसमोर वाळत टाकले होते. डॉक्टर म्हणाला, क्षणात गेली, तिला काही ऐकू आलं नसणार. तो आपला माझ्यासाठी म्हणाला.

इथं जाळल्यावर हाडं काठ्यांनी वेचायची असतात, दोघांनी मिळून एक हाड. मी, मालक आणि आमची ती दोन नेपाळी पोरं, एवढेच होतो. तळघरातल्या लोकांना कळवावं असं माझ्या मनातही आलं नाही. म्हणलं, ते तिचे कोण?

अस्थी घेऊन कराडला गेलो, संगमावर सोडल्या, जानेवारी सरता सरता परत आलो. घरी तिचं सामान. इथं कचऱ्याचं कसं कडक आहे तुम्हाला माहीत आहे, जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, कपड्यांचा दिवस वेगळा. तिच्या बांगड्या कशात टाकायच्या, कुंकवाची डबी कशात, मला काही कळेना. वाटून वाटून ठेवलं आणि काहीच टाकलं नाही, अजून दाराशी पिशव्या आहेत. आणि फ्रीजवर ते फोटो, ती आणि मिओ, मिओ आणि ती, दोघींनी हातांचा अर्धा अर्धा बदाम केलेला. म्हणलं, पोरीला सांगून यावं. वाट बघत असेल.

आमच्या नेपाळी पोराकडून जपानीतलं सभ्य वाक्य शिकून घेतलं, वारली असं म्हणायचं. माझी जपानी किचनची, गरम, तिखट, झालं, थांबा. जिना उतरताना ते वाक्य घोकत उतरलो. आत अंधार, दणदणाट, छातीत धडधड होईल असा आवाज. मी मागं भिंतीला टेकून उभा. पुढं डाव्या कोपऱ्यात कठड्याजवळ एक घडीचं स्टूल मांडलेलं, रिकामं. एवढे बापये उड्या मारतायत, घामानं निथळतायत, पण त्या स्टुलाला कुणाचा धक्का नाही. ते कुणाचं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

रांगेत उभा राहिलो. पाळी आली. मिओनं मला ओळखलं, हिनं मोबाइलवर फोटो दाखवला असणार. तिचा चेहरा असा उजळला, आणि तिनं विचारलं, ओबाआचान? म्हणजे आजी कुठंय. मी तोंड उघडलं आणि ते वाक्य गेलं. साफ गेलं. इंडिया, एवढंच निघालं, कराड, नदी, ते मनात होतं म्हणून. ती म्हणाली, इंडियाला गेली? मी मान हलवली. खोटं काय होतं, गेलीच होती, माझ्याच हातातून गेली होती. ती म्हणाली, बरं झालं, मला वाटलं आजारी आहे, कधी येणार? तेवढ्यात खांद्यावर हात आला आणि मी बाजूला झालो. हातात फोटो, मी आणि मिओ, माझा चेहरा चोरासारखा.

पुढच्या रविवारी सुधारायला गेलो. खरंच सुधारायला गेलो होतो. तर ती म्हणाली, ओबाआचानचे गुडघे कसे आहेत? आणि काय सांगू तुम्हाला ताई, दोन महिन्यांत कुणी मला हिच्या गुडघ्यांबद्दल विचारलं नव्हतं. लोक विचारायचे, जेवता का, झोपता का, एकटे राहता का. तिच्याबद्दल कुणी विचारत नाही, मेलेल्या माणसाबद्दल काय विचारणार. आणि ही पोरगी विचारते, गुडघे कसे आहेत. मी म्हणलं, बरे आहेत, तिथं थंडी नाही ना.

झालं. मग मला रविवारची ओढ लागली. आठवडाभर किचनमध्ये उभा राहून ठरवायचो, या खेपेला काय सांगायचं. बहिणीकडं सांगलीला गेली. लोणचं घातलं. आंबे खातेय, उष्णता झाली. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, डॉक्टर म्हणतो चार महिने प्रवास नको. मोडक्या जपानीत, हातवारे करून. मिओ हसायची, ओबाआचानला सांगा हे करू नका, ते करा. आणि मी वर येऊन खरंच त्या फोटोला सांगायचो. ती तिथं जिवंत होती, एवढंच. माझ्या खोलीत मेलेली, हॉटेलात मेलेली, कराडच्या पाण्यात मेलेली, आणि त्या तळघरात मिनिटभर जिवंत. मी ते तिकीट काढून विकत घेत होतो. पोरगी हसत होती, आणि मी तिच्या हसण्यावर जगत होतो. हे आता कळतं असं नाही, तेव्हाही कळत होतं.

मिओनं तिच्यासाठी गुडघ्याला घालायचे लोकरीचे पट्टे दिले, हिरवे. म्हणाली, पाठवा. मी कुणाला पाठवू? थंडी पडली तसे मीच घातले.

ते स्टूल मांडायचा कोन्दो-सान म्हणून एक बसचा ड्रायव्हर. धिप्पाड माणूस, पन्नाशीचा, लग्न न केलेला. हिला जिन्यावरून हाताला धरून तोच खाली न्यायचा आणि वर आणून सोडायचा. आता तो मधूनमधून दुपारी आमच्याकडं जेवायला यायचा, मटण आणि दोन नान, घाम पुसत खायचा आणि म्हणायचा, ओबाआचान आल्यावर पहिल्या दिवशी मी बस घेऊन विमानतळावर जाणार, साहेब गेले खड्ड्यात. मी हसायचो आणि नान दोन जास्त लावायचो.

वर्षश्राद्ध आलं. रविवारच होता. भात केला, वडे केले, गॅलरीत कावळ्याला पान ठेवलं. इथले कावळे मांजराएवढे, पण तासभर एक येईना. मी हात जोडून म्हणलं, अगं काय राहिलंय तुझं? मग आला एक. आणि त्याच दुपारी मी खाली जाऊन मिओला सांगितलं, ओबाआचाननं तुला आशीर्वाद पाठवलाय. हे लिहा तुम्ही, गाळू नका.

त्याच दिवशी मिओ मला म्हणाली, मी मार्चमध्ये हे सोडणार. इथं पोरी सोडतात तेव्हा शेवटचा कार्यक्रम करतात, शाळा पास झाल्यासारखा, आणि त्यानंतर त्यांना कुणी भेटायचं नाही, शोधायचं नाही, असा सगळ्यांनी पाळायचा नियम. तिला दुसऱ्या गावी म्हाताऱ्यांची सेवा शिकवणाऱ्या शाळेत जागा मिळाली होती, एप्रिलपासून. म्हणाली, ओबाआचान तोपर्यंत येईल ना? मी नेहमीसारखं तोंडाला येईल ते बोललो, आंबे संपले की येईल, जूनमध्ये. बोलायला काय जातं. खांद्यावर हात आला, मी वर आलो, रात्रीच्या जेवणाची तयारी केली.

दोन-तीन रविवार गेले आणि स्टेजवरून सांगितलं, मिओचा शेवटचा कार्यक्रम मार्चला नाही, जूनला. सगळे ओरडले आनंदानं. कोन्दो-साननं माझी पाठ थोपटली. म्हणाला, तुमच्या बायकोसाठी थांबतेय पोरगी, एप्रिलची जागा सोडून दिली, पुढच्या वर्षी परत परीक्षा देणार म्हणते, येडी आहे ना? मी म्हणलं, येडी आहे. त्या पोरीचं वर्ष मी खाल्लं होतं. आणि जूनमध्ये कोण येणार होतं?

तरीही मी लगेच सांगितलं नाही. एक रविवार सर्दीचं निमित्त केलं, वरच बसलो. खालून जमिनीतून ढोल ऐकू येत होता, तो ऐकत बसलो. पुढच्या आठवड्यात कोन्दो-सान जेवायला आला तेव्हा मी त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसलो. असा मी गिऱ्हाइकासमोर कधी बसत नाही. म्हणलं, ओबाआचान नाही. तो म्हणाला, म्हणजे? म्हणलं, गेल्याच्या गेल्या डिसेंबरात गेली. वर बोट केलं.

त्यानं नान खाली ठेवला. मला वाटलं मारतो. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो बराच वेळ हात पुसत राहिला, त्या कागदी रुमालाचा भुगा झाला. मग म्हणाला, जिन्यावर मी धरायचो तिला. मला पण सांगितलं नाहीत. मी म्हणलं, चुकलं. तो म्हणाला, मी वर्षभर स्टूल मांडतोय, पुसून मांडतोय. मी म्हणलं, बघत होतो मी. तो म्हणाला, बघत होता? मी जग उचलून त्याचा पेला भरला. मी मिओला सांगणार नाही, म्हणाला, मी बसचा ड्रायव्हर आहे, तुम्ही नवरा आहात, तुम्ही सांगा. पैसे ठेवले, ताट तसंच टाकून गेला. एवढा खाणारा माणूस.

रविवारी गेलो. मिओनं शेजारी ओढून घेतलं, फोटो निघाला, ती पेन उघडून म्हणाली, सर्दी गेली का, ओबाआचानचा फोन आला? मी म्हणलं, ओबाआचान मेली. ते सभ्य वाक्य मला आता येत होतं, वर्षभरात शिकलो होतो की, पण तोंडातून आला तो किचनमधला शब्द, बादलीतला मासा मेला असं म्हणतात तो. तिच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं. त्या पोरींना शिकवलेलं असतं ताई, टेबलाशी उभं असताना हसू उतरवायचं नाही. ओठ हसतायत आणि डोळे माझ्याकडं बघतायत, असं मी कधी बघितलं नव्हतं, देव करो परत बघायला न मिळो. म्हणाली, कधी? मी सांगितलं. तिनं मनात महिने मोजलेले मला दिसले. म्हणाली, पट्टे? मी पँट जरा वर केली. पट्टा माझ्या गुडघ्यावर होता.

खांद्यावर हात आला. मिओ त्या माणसाला म्हणाली, थांबा. कधी नाही ते थांबवलं. मग हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करून, मला समजावं म्हणून, म्हणाली, माझ्या आईनं पण मला असंच सांगितलं होतं. येईल म्हणाली. वर्षभर. मी दाराशी बसायचे. ओबाआचाननं तुम्हाला सांगितलं होतं ना हे?

नाही म्हणता आलं असतं. कांदा चिरत होतो, लक्ष नव्हतं, जपानी कळत नाही, काहीही म्हणता आलं असतं. मी म्हणलं, हो, सांगितलं होतं.

तिनं पेनाला टोपण लावलं. फोटोवर काही लिहिलं नाही, तसाच माझ्या हातात दिला, वाकून. आणि मागच्या माणसाकडं वळली, आणि त्याच्यासाठी परत नवं हसू काढलं.

एप्रिलची जागा तोवर दुसऱ्या कुणाला गेली होती. कोन्दो-साननं सांगितलं मला, तो बोलायला लागला होता परत, थोडं थोडं. तरी तिनं जूनपर्यंत थांबायला नकार दिला. मार्चलाच शेवटचा कार्यक्रम केला. मी जाणार नव्हतो. कोन्दो-सान वर आला, ॲप्रन सोडा म्हणाला. मी म्हणलं, मला बघून तिचा दिवस खराब होईल. तो म्हणाला, तुम्ही मागं उभे राहा, तुम्हाला बघायला कोण आलंय.

मागं उभा राहिलो. हॉल गच्च, सगळीकडं हिरव्या कांड्या, भाताच्या खाचरात उभं राहिल्यासारखं. शेवटच्या गाण्याआधी मिओ माइक धरून बोलली. आईबद्दल, गावाबद्दल, बाकीच्या पोरींबद्दल. मग म्हणाली, आपली ओबाआचान वारली, मला उशिरा कळलं, तुमच्यातल्या पुष्कळांना आत्ता कळतंय. कसं कळलं, कुणी लपवलं, एक शब्द नाही. म्हणाली, थोडा वेळ दिवे विझवा. आणि तिनं नाव घेतलं. सुमन-सान.

मी पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ते नाव तोंडानं घेतलं नव्हतं ताई. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढं. अगं म्हणलं, ऐकलंस का म्हणलं, ओरडलो ते पण अगं करूनच. आणि त्या अंधारात ते नाव भिंतींवरून फिरून माझ्याकडं आलं, आणि ते शंभर बापये, घामेजलेले, गळ्यात टॉवेल घातलेले, हात जोडून माना खाली घालून उभे, आणि माझ्या शेजारचा एक चष्मेवाला, ज्याला मी ओळखतही नव्हतो, हुंदके देऊन रडायला लागला. हे तिचे कोण, असं मी म्हणलं होतं. हाडं वेचायला चार माणसं होतो आम्ही.

गाणं सुरू झाल्यावर मी निघून आलो. रांगेत गेलो नाही. तिकीट माझ्याकडं होतं, कोन्दो-साननं काढून दिलेलं, पण कुठल्या तोंडानं उभा राहणार, आणि मिनिटभर उभं राहून मागायचं काय? माफी मागायची तर ती तिला द्यायला लागली असती. त्या पोरी नाही म्हणत नाहीत कुणाला, त्यांना तसं शिकवलंय. तसली माफी मला नको होती.

मिओ आता कुठं आहे मला माहीत नाही. कोन्दो-सानला माहीत असलं तरी तो सांगणार नाही, आणि सांगायला लागला तर मीच कानावर हात ठेवीन, तेवढा एक नियम तरी मी पाळतो. म्हणे पहिलं वर्ष कुठल्याशा कोम्बिनीत, म्हणजे रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या दुकानात, रात्रपाळी केली, पुढं त्या शाळेत गेली. खरं असावं. रविवारी खाली दुसऱ्या पोरी गातात, मी वर असतो, कोन्दो-सान जेवून जातो. कुणी हिच्याबद्दल विचारलं तर सांगतो, वारली, सुमन नाव होतं. नाव घ्यायची सवय लागायला वेळ लागला, अजून जीभ अडते.

तुम्ही हे मराठीत लिहिताय, तिला काही वाचता येणार नाही, बरंच आहे. मी लवकरच जाईन, छाती दुखते, मला त्याचं काही नाही. पण ती पोरगी म्हाताऱ्यांची सेवा करते म्हणजे तिच्या हातावर माणसं मरणारच, रोज कुणीतरी मरणार. तर एवढंच मागणं आहे, कुणाकडं मागायचं ते मला ठाऊक नाही, की तिथं तिला त्याच दिवशी, तोंडावर, खरं सांगणारी माणसं मिळू देत. येईल, येतेय, वाट बघ, असं तिला पुन्हा कुणी म्हणू नये.